घर खाली, वर कुलूप

“लाख लावू नको त्या कुलपाला. आधी खाली ये, मंग काय लावायचं ते लाव.”

आवाज बाईचा होता आणि तो जमिनीतून येत होता. दारापुढं दोघं उभे होते. एक कारकून किशनराव, हातात कागद. दुसरा त्यांचा म्हातारा शिपाई सखाराम, एका हातात पेटती मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात लाखेची कांडी. सखारामनं पायाखाली बघितलं, मग आभाळाकडं बघितलं आणि मेणबत्ती विझवून टाकली. भुताटकीपुढं सरकारी मेण कशाला जाळा, असा त्याचा हिशोब असावा.

“मी जित्ती हाय,” जमीन पुन्हा बोलली. “जित्त्या माणसाच्या घराला सील ठोकता व्हय रे?”

मी नेमका त्याच वेळी नागपूरचे पाच पाहुणे घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचलो होतो, हेच घर दाखवायला. पाहुण्यांतल्या एका काकूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा बेत मीच आखलेला आहे. “अगदी जमिनीतून आवाज काढलाय हो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. एरवी मी ती टाळी घेतली असती, न केलेल्या गोष्टीची वाहवा घेणं माझ्या धंद्यात पाप नाही. पण किशनरावांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि हातातला कागद पुढं केला.

“आओ गाईडसाब. अच्छे वक्त पे आए. हे तुम्हीच लिवलं ना?”

अक्षर माझंच होतं. चार शब्द होते. घर खाली. वर कुलूप.

आता ज्यांना काहीच उमगलं नाही त्यांच्यासाठी मागं जातो. आधी माझा धंदा सांगतो.

मी जन्मभर गाईड होतो. आमचं गाव तेव्हा औरंगाबाद होतं. वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की, ही माझी दुकानं. बाहेरच्याला वाटतं, गाईड म्हणजे इतिहास पाठ असलेला माणूस. इतिहास पाठ असणं हा त्यातला सगळ्यात हलका भाग आहे. खरं काम तिसऱ्या लेण्यापासून सुरू होतं. तोवर पाहुण्याचे पाय भरून आलेले असतात, लेकरू रडायला लागलेलं असतं आणि ‘मी आधीच म्हटलं होतं’ हे बायकोचं म्हणून झालेलं असतं. तिथून पुढं सावली कुठं आहे, पाणी कुठं आहे आणि कुठली गोष्ट किती फुगवली तर फुटणार नाही, हे ज्याला कळतं तो गाईड. अजिंठ्याला अंधाऱ्या लेण्यात उजेड पाडायला एक माणूस बाहेर उन्हात आरसा घेऊन उभा राहायचा आणि ऊन आत फेकायचा. मी त्याला म्हणायचो, “गड्या, तू अन् मी एकच काम करतो. ऊन खरंच आहे, आपण फक्त वळवतो.” तो म्हणायचा, “मी वळवतो. तुम्ही वाढवता.”

खोटं नाही. वेरूळच्या दगडी हत्तीची उंची मी कामाला लागलो तेव्हा जेवढी होती, त्याच्या दीडपट मी काम सोडलं तेव्हा होती. दरसाल एक वीत, जास्त नाही. दौलताबादच्या अंधाऱ्या भुयारात मी पाहुण्यांना सांगायचो, इथून आत शिरलेला माणूस त्याच्या स्वतःच्या गावी निघतो. एकदा एका गंभीर चेहऱ्याच्या गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे मी साताऱ्याला निघेन?”

“साताऱ्यालाच, साहेब.”

“साताऱ्यात कुठं?”

“तुमच्या घरामागच्या आडापाशी.”

“आमच्या घरामागं आड नाही.”

“निघालात की दिसेल,” मी म्हणालो. सगळे हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. ते तेव्हा लक्षात ठेवायला हवं होतं.

पोलीस ॲक्शनला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. मराठवाडा नव्या राज्यात आला होता आणि नव्या राज्याला स्वतःकडं बघायची हौस आली होती. एका कचेरीनं, तिचं नाव घेत नाही, ठरवलं की लेणी-किल्ले सगळ्यांना ठाऊक आहेत, आता राज्यभरातल्या चमत्कारिक घरांची एक पुस्तिका काढायची. प्रवासी येतील, घरं बघतील. काम माझ्याकडं आलं. सोबत एसटीचा पास आणि छापील तक्त्यांचा गठ्ठा. तक्त्यात चार रकाने. गाव, वैशिष्ट्य, राहणाऱ्याचं नाव, शेरा. शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद. माझ्यासारख्या माणसाला बोटभर रकाना म्हणजे बैलाला पाणी प्यायला चमचा.

पण फिरलो मात्र मनसोक्त. असली घरं बघितली की आज सांगितलं तर माझी सून म्हणते, “बाबा, जेवून घ्या.”

रत्नागिरीच्या बाजूला एका म्हाताऱ्या तांडेलानं आपलं जुनं गलबत उलटं करून चार भिंतींवर छप्पर म्हणून ठेवलं होतं. घरात झोपलं की वर फासळ्याच फासळ्या दिसत, माशाच्या पोटात गेल्यासारखं. पावसात त्या फळ्या अशा कण्हायच्या की म्हातारा झोपेत ‘दोर सोडा’ म्हणून ओरडायचा. त्याची बायको मला म्हणाली, “चाळीस वर्सां ह्यो समुद्रावर होता. आता समुद्र घरावर आणून ठेवलान.” मी एक रात्र तिथं झोपलो आणि सकाळी मला बोट लागली होती. घर हललं नव्हतं. तरी लागली होती.

आणि नांदेडकडं, गोदावरीच्या काठी, माडीवरची म्हैस. त्या घरमालकाचं नाव बालाजीराव. एका पुरात त्यांनी आठ दिवसांचं पारडू खांद्यावर घेऊन माडीवर नेलं. पूर चार दिवसांनी ओसरला. पण पारडाला वरची हवा मानवली, आणि बालाजीराव आज नेऊ, उद्या नेऊ म्हणत राहिले. सहा महिन्यांनी न्यायला गेले तर जिना अरुंद झाला होता. म्हणजे जिना तेवढाच होता. तेव्हापासून ती म्हैस माडीवर, वैरण दोरीनं वर आणि दुधाची कळशी दोरीनं खाली. लोक लांबून बघायला येत. गॅलरीतून ती अशी तोंड काढून उभी राहायची की जणू नगराध्यक्ष.

माझ्या सोबत तेव्हा एक गणिताचे मास्तर होते. त्यांनी बराच विचार करून विचारलं, “बालाजीराव, म्हैस दूध देते म्हणजे व्याली. मग रेडा?”

“त्यो बी वरच हाय,” बालाजीराव म्हणाले.

हे मी जसंच्या तसं लिहून दिलं. पुस्तिकेत छापताना कुणीतरी ते वगळलं. वगळणाऱ्याचं भलं होवो, पण त्याला घरं कळत नव्हती.

तर अशी राज्यभरातली अडतीस घरं झाली. एकोणचाळिसावं आमच्याच गावातलं. बानूआपाचं.

हे घर पाणचक्कीच्या अलीकडं, खाम नदीच्या उतारावर होतं. वरच्या गल्लीतून बघाल तर एक बसकी खोली आणि तिला एक दार, दाराला हातभर कुलूप. कुणीही म्हणेल, कोठार असेल. पण उतारावरनं खालच्या गल्लीत गेलात की त्याच घराचं दुसरं दार, आणि खरं घर तिथं. वरच्या खोलीच्या खाली दोन मजले, अर्धे डोंगरात खोदलेले. मी पाहुण्यांना सात सांगायचो. सगळ्यात खालच्या खोलीत भिंतीच्या आडून जुनी नहर वाहायची. हर्सूलच्या बाजूनं डोंगरातलं पाणी शहरात आणणाऱ्या ज्या बादशाही काळातल्या भूमिगत नहरी, त्यांतलीच एक. भिंतीत एक कोनाडा होता, त्यातून हात घातला की पाणी. बाहेर वैशाखात डांबर वितळत असायचं आणि आत आपा रजई पांघरून टोपीवर जर भरत बसलेली असायची. कान दिला की नहरीचा आवाज यायचा, कुणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलत असल्यासारखा. काय बोलतंय ते ऐकायला मी तिथं तासन्‌तास बसलोय. एवढी वर्षं घरं दाखवली, पण स्वतः बघायला म्हणून पुन्हा पुन्हा जावंसं वाटलं ते हेच.

बानूआपा मूळची फुलंब्रीची, शेतकऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. तिची मराठी माझ्या आईच्या मराठीहून ठसठशीत. नवरा लवकर गेला, मग ती बापाच्या या शहरातल्या घरी आली. घर कागदावरही तिच्याच नावावर, बापानं दिलेलं. दोन भाऊ होते, ते पोलीस ॲक्शननंतर कराचीला गेले. जाताना वरची खोली त्यांनी बंद केली, कुलूप घातलं आणि किल्ली सोबत नेली. आपा गेली नाही. का नाही गेली, विचारलं तर म्हणायची, “कोंबड्या व्हत्या.” आणि वरचं कुलूप तिनं कधी तोडलं नाही. आत काय आहे म्हटलं तर, “भावांचं हाय. येतील तवा उघडतील.”

मी तक्ता भरायला गेलो तेव्हा नावाच्या रकान्यापाशी तिनं माझा हात धरला.

“बाईमाणसाचं नाव सरकारी चोपडीत कशापायी? घर बघायला येनार का मला?”

म्हणून तो रकाना मी कोरा ठेवला. आणि शेऱ्याच्या बोटभर रकान्यात, येणाऱ्या प्रवाशानं वरच्या दारावर उगाच थापा मारत बसू नये म्हणून, लिहिलं: घर खाली. वर कुलूप. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीत एक वीतसुद्धा वाढवलं नाही.

तो तक्ता किशनरावांच्या टेबलावर गेला.

किशनराव उस्मानपुऱ्यात राहायचे. गळ्यात जानवं, कपाळाला गंध, आणि सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं. हिशोब उर्दूत, शिव्या उर्दूत, घरी बायकोशी भांडण दखनीत, म्हणजे इकडच्या बोली उर्दूत. देवनागरी त्यांनी पस्तिशीनंतर, नोकरी टिकवायला शिकलेली. माझ्या गावातली ही गंमत बाहेरच्याला पटत नाही. बाजारात गाठ पडली की फुलंब्रीची बानूआपा मराठीत बोलायची आणि उस्मानपुऱ्याचे किशनराव तिला दखनीत उत्तर द्यायचे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

तर किशनरावांनी वाचलं, ‘घर खाली’. आता तुम्ही पुण्याचे असाल तर खाली म्हणजे खालच्या बाजूला. पण उर्दूवाल्याला खाली म्हणजे रिकामं. घर रिकामं, वरून कुलूपबंद, राहणाऱ्याचं नाव कोरं. आणि या एकाच माणसाकडं दोन कामं होती. एक आमच्या पुस्तिकेचं. दुसरं, मालक देश सोडून गेलेल्या रिकाम्या घरांची यादी करायचं. अशी घरं सील व्हायची आणि पुढं दुसऱ्या कुणाला दिली जायची. किशनरावांनी इमानानं माझा कागद पहिल्या फायलीतून काढला, दुसरीत लावला, वर स्वच्छ मराठीत लिहिलं ‘घर रिक्त’, आणि लाख घेऊन निघाले.

नागपूरच्या पाहुण्यांना मी तिथूनच टांग्यात बसवलं. काकूंना पुढं काय होतं ते बघायचं होतं. मलाही, पण वेगळ्या पोटदुखीनं.

सील लागलंच. कागद कागद असतो. मी किशनरावांना घेऊन खालच्या गल्लीत गेलो. आपा दारात उभी होती, हातात सुई तशीच.

“अगे आपा, तुम रहते यहाँ?” किशनराव म्हणाले.

“नाय. सुट्टीला आलेय.”

किशनराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं. “अब क्या करू मैं? फाईल साहेबांकडं गेली. आठ दिन में दुसऱ्याच्या नावावर चढेल. साहेबाला बोलो.”

आपा माझ्याकडं बघत म्हणाली, “काय लिवलंस दिगू?”

मी सांगितलं. ती ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणाली, घर खाली, घर खाली. मग म्हणाली, “बराबर तर हाय.” आणि मग तिला दुसरा अर्थ लागला. ती उंबऱ्यावर बसली. तिच्या चेहऱ्याकडं मी बघितलं नाही. हातातली सुई तिनं पदरात खोचून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभा राहिलो. तेच साताऱ्याचे गृहस्थ. बदली होऊन आले होते.

“या,” ते म्हणाले. “आड सापडला नाही अजून.”

मी सगळं सांगितलं. कुलूप लावलेल्या खोलीखाली घर आहे, त्याच्याखाली आणखी एक खोली आहे, तिथं भिंतीतून नहर वाहते, आणि तिथं एक बाई उन्हाळ्यात रजई घेऊन बसते. प्रत्येक शब्द खरा होता आणि माझ्या तोंडून प्रत्येक शब्द खोटा वाटत होता. हे मला स्वतःलाच ऐकू येत होतं. सवयीनं मजले सांगताना जीभ सातावर गेली, मी ती दातांनी अडवली. दोन म्हणालो. साहेबांनी विचारलं, “आणि ती बाई तिथून साताऱ्याला निघते का?”

“साहेब, माझा मूळ कागद बघा.”

त्यांनी बघितला. “घर खाली. वर कुलूप. बरं मग? खाली म्हणजे खाली. यात रिकामं कुठं आलं?”

किशनराव बाजूला उभे होते. “सरकार, खाली बोले तो खाली.”

“तेच म्हणतोय मी. खाली म्हणजे खाली.”

“जी सरकार. खाली म्हणजे खाली.”

हे तीनदा झालं. दोघंही एकमेकांशी सहमत होते आणि दोघांचाही पारा चढत होता. शेवटी दारातून सखाराम शिपाई पुढं आला. त्यानं साहेबांकडं बघून एक बोट फरशीकडं दाखवलं. मग किशनरावांकडं बघून रिकामी ओंजळ उघडून दाखवली. साहेब बोटाकडं बघत राहिले, किशनराव ओंजळीकडं. मग दोघांनी एकमेकांची बाजू बघितली.

किशनराव भिंतीला टेकले. “या अल्ला,” ते म्हणाले, जानव्यासकट.

मला वाटलं, सुटलो. पण साहेब कागद तसाच धरून होते. “ठीक. घर खालच्या अंगाला आहे. पण नोंदीतली मालकीण भावांबरोबर गेली नाही, इथंच राहते, हे कुठं लिहिलंय? नाव कोरं आहे.”

“तिनं लिहू दिलं नाही, साहेब.”

“आणि तुम्ही ऐकलंत. एरवी लोकांना आड खणून देता, आणि इथं एक नाव लिहिता आलं नाही.” ते थांबले. “शेजाऱ्यांच्या साक्षी मला नकोत, त्या कशाही मिळतात. उद्या सकाळी मी स्वतः येतो. घरात माणूस नांदतंय असं दिसलं तर ‘रिक्त’ खोडीन. नाही तर सील राहील.”

संध्याकाळी जाऊन मी आपाला पढवलं. दार उघडं ठेव, चूल पेटती ठेव, कोंबड्या अंगणात सोड, साहेबांना नमस्कार कर, आवाज चढवू नको. ती ऐकत होती. “येऊ दे,” एवढंच म्हणाली.

सकाळी आम्ही चौघं खालच्या गल्लीत. साहेब पुढं, मग किशनराव, मी, आणि छत्री धरून सखाराम. दार बंद. चुलीचा धूर नाही. कोंबडी एक दिसेना. मी कडी वाजवली. काही नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि मी दौलताबादच्या भुयारात शिरून कुठल्याही गावी निघायला तयार झालो.

साहेबांनी स्वतः कडी वाजवली. “घरात कोण आहे?”

आतून आवाज आला. “कुनी नाय.”

“कुणी नाही कसं? मग बोलतंय कोण?”

“घर खाली हाय. सरकारनं लिवलंय, लाख लावून. सरकार खोटं लिवंल व्हय?”

मी डोळे मिटले. किशनराव पुटपुटले, “आपा, नक्को ना.” आजवर मी किती साहेब बघितले. या वाक्याला दहातले नऊ पाठ फिरवून गेले असते, आणि पाठ फिरली असती तर घर गेलं होतं. आपाला हे कळत नव्हतं असं नाही. दाराच्या फटीतून तिचा श्वास ऐकू येत होता.

साहेबांनी सखारामला छत्री मिटायला सांगितली आणि उंबऱ्याशी असलेल्या दगडावर बसले. उन्हानं तापलेला होता, तरी बसले.

“रिकाम्या घरात पाणी मिळेल का?” त्यांनी विचारलं.

आतली पावलं लांब गेली, पायऱ्या उतरली, आणि बऱ्याच वेळानं चढून आली. दार वीतभर उघडलं. एक हात बाहेर आला, हातात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला. बाहेरून घामेजलेला, बर्फात ठेवल्यासारखा. साहेब एक घोट प्यायले आणि त्यांनी पेल्यात बघितलं. बाकीचं पाणी हळूहळू प्यायले.

“हे कुठून आणलंत?”

“खालून,” आपा म्हणाली, आणि दार पुरतं उघडलं.

साहेब आत गेले ते अर्धा तास वर आले नाहीत. मला वाटलं, चौकशी चाललीय. डोकावलो तर ते सगळ्यात खालच्या खोलीत, बूट बाहेर काढून, कोनाड्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेले. कान भिंतीला. आपा समोर टोपीवर जर भरत होती, खांद्यावर रजई. कोंबड्या आतच होत्या, पाचही, तिनं टोपल्याखाली झाकून ठेवल्या होत्या.

वर येऊन साहेबांनी कागद मांडीवर घेतला. “नाव सांगा.”

आपानं पदर सारखा केला. किशनराव पुढं झाले, “मैं बोलता हूं ना सरकार, बानू...”

“तू नको,” आपा म्हणाली. “म्या सांगते.” आणि तिनं सांगितलं. तिचं नाव, बापाचं नाव, फुलंब्री, आणि किती वर्षं या घरात. एकेक शब्द, लेकराला पाटीवर शिकवावं तसं. मग म्हणाली, “आता वाचून दावा.”

साहेबांनी वाचलं. तिनं किशनरावांकडं बोट केलं. “आता त्यान्ला वाचू द्या. तेनं काय वाचलं ते बघू.”

किशनरावांनी अडखळत, एकेक अक्षर लावून वाचलं. बरोबर वाचलं.

मग सगळे वरच्या गल्लीत गेलो. सखारामनं चाकूनं लाख खरवडली. आपा फेरा घालून आमच्या मागं आली होती. त्या दाराकडं यायची तिला गरजच पडत नसे. तिनं सखारामला बाजूला केलं आणि कुलपावर राहिलेले लाखेचे तुकडे नखानं काढले, एकेक. साहेब म्हणाले, “आत काय आहे, एकदा उघडून बघायचं का? नोंद पक्की होईल.”

“किल्ली कराचीला हाय,” ती म्हणाली.

किशनराव त्यानंतर बरेच दिवस खचलेले होते. माझ्या घरी आले, चहा तसाच ठेवला, म्हणाले, “दिगूभाऊ, दहा बरस से मराठी फायली वाचतोय मी. और कितने खाली होंगे?” त्यांनी खरंच जुनी दप्तरं काढली. सापडलं एकच. हर्सूलच्या एका शेताच्या कागदात ‘विहिरीचं पाणी खाली’ लिहिलेलं, म्हणजे खोल गेलेलं, आणि त्यांनी विहीर कोरडी धरली होती. तेही त्यांनी दुरुस्त केलं. पण सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, असं मी आज छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, आणि तेही म्हणाले नाहीत. मी इतकी वर्षं इतकं खोटं सांगितलं, त्यानं कुणाचं वाकडं झालं नाही. झालं ते चार खऱ्या शब्दांनी.

आता मी पुंडलिकनगरात नातवंडांना हत्तीची उंची सांगतो. आपा नाही, आणि ते घरही नाही. उतार सपाट झाला. वरची खोली पाडली तेव्हा मी गेलो नव्हतो, त्यामुळं आत काय निघालं ते मला माहीत नाही. खूप वाटतं, विचारावं. कुणाला विचारणार.

पण त्या वेळचं सांगायचं राहिलं. सील निघाल्यावर महिनाभर मी खालच्या गल्लीत फिरकलो नाही. मग एक दिवस हिय्या करून गेलो. आपा दारात बसून टोपी भरत होती. माफी मागायला मी चांगलं दहा मिनिटांचं भाषण जुळवून नेलं होतं, ते तिनं सुई न थांबवता सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, “आपा, मुंबईचे पाहुणे आलेत. नहरीची खोली बघायचीय त्यांना. आणू का?”

तिनं दोरा दातानं तोडला.

“आन,” ती म्हणाली. “लिवू नको.”